उभ्याचं तिकीट

व्हिएन्नात तिसऱ्या दिवशी
डोळे भरले आणि पाय संपले.
सकाळपासून सतरा दालनं.
प्रत्येक भिंतीवर कुणीतरी मरत होतं
नाहीतर द्राक्षं खात होतं,
आणि मी आधी खालची पाटी वाचत होते,
चित्र नंतर,
आहेराच्या पाकिटावरचं नाव
आधी बघावं तसं.

संध्याकाळी ऑपेराच्या बाजूच्या दाराशी रांग.
उभ्याचं तिकीट घेतलं. बसायच्या तिकिटात
माझं पुढचं अख्खं बुडापेस्ट गेलं असतं.

दार उघडलं आणि मंडळी जिन्यावर धावली,
फरच्या कॉलरवाल्या बाई धावल्या,
काठीवाले आजोबा काठी काखेत मारून धावले,
आणि पुढच्या कठड्याला
ज्याने त्याने आपापला स्कार्फ बांधला.
बांधला की जागा तुमची.
मग खुशाल खाली जा, पाणी प्या, आरशात बघा.
मला हसू फुटलं.
अहो, हे तर आमच्या एस्टीचं शास्त्र!
खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली.
इथे फक्त झुंबर जास्त.

स्कार्फ नव्हता, ओढणी बांधली.
शेजारच्या बाईंनी ती सोडली
आणि काही न विचारता पुन्हा बांधून दिली.
"तुमची गाठ निसटली असती," त्या म्हणाल्या,
"आणि इथले लोक फार सभ्य आहेत.
निसटलेली जागा ते अगदी सभ्यपणे घेतात."

वाल्ट्राउट प्रोखास्का. वय विचारलं नाही.
इस्पितळाच्या धोबीघरात एकतीस वर्षं,
दिवसा चादरींपुढे उभ्या,
रात्री इथे उभ्या.
"बसलं की मला नीट ऐकू येत नाही."
त्यांच्या पर्समध्ये अर्धा ब्रेड, खाकऱ्याएवढा पातळ पंखा,
आणि घोट्यांवर सुजेची कडी
पैंजणांसारखी.

दिवे मालवले.
कठड्यावरच्या चिमुकल्या पडद्यावर
शब्दांचा अर्थ उमटू लागला,
आणि मी लागले की वाचायला.
"माझ्या हृदया, थांब." "तो येणार नाही."
एक हात आला आणि पडद्यावर पालथा बसला.
साबणाने पांढुरका झालेला, खरखरीत, जड.
तो हात काढा म्हणायची माझी छाती नव्हती.

मग काय करणार?
ऐकलं.
किती वेळ, सांगता येणार नाही.
एवढं आठवतं की कुठल्याशा सुराला
काठीवाल्या आजोबांची काठी खाली पडली
आणि कुणीही वळून पाहिलं नाही,
आजोबांनीसुद्धा नाही.

शेवटच्या अंकाआधी
त्या आपला स्कार्फ सोडू लागल्या.
करडा, कडेला रफू केलेला.
"आता तर खरं—" मी म्हणाले.
"मला ट्राम गाठायची असते.
शेवटची निघून जाते ना."
पंखा मिटला, ब्रेडचा कागद घडी करून ठेवला,
आणि ज्या जिन्याने धावत आल्या होत्या
त्यानेच उतरल्या, एकेक पायरी, कठडा धरून.

वर रंगमंचावर ती बाई
चांगली दहा-बारा मिनिटं मरत होती.
गात होती आणि मरत होती.
माझ्या उजवीकडे हातभर जागा रिकामी,
मागे दोन रांगा माणसं उभी,
पण एकही पाऊल पुढे सरकलं नाही.
काठीवाल्या आजोबांना मी डोळ्यांनीच विचारलं.
त्यांनी नकारार्थी मान हलवली.
कशाला नकार, ते कळलं नाही.

टाळ्या संपल्या. माणसं पांगली.
माझी ओढणी काही सुटेना.
नखं लावली, दात लावले,
शेवटी दारावरचा पोरगा
कोटाच्या बाह्या मागे सारून खपला
आणि म्हणाला, "हां, फ्राउ प्रोखास्कांची गाठ."

बाहेर पाऊस नव्हता, चांदणंही नव्हतं,
नुसती थंडी, आणि तळवे पेटलेले.
थांब्यावरच्या वेळापत्रकाशी उभी राहिले.
मला इथलं वाचता येतं ते एवढंच, आकडे.
बोट ठेवून ओळ शोधली.

शेवटची ट्राम
बारा एकवीस.

घड्याळात तेव्हा
सवा दहा वाजले होते.